बपेऱ्याचा राउटर

बपेरा, ९ ऑक्टोबर २०२५

प्रिय घनश्याम काका,

पाया पडते. फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि तुमच्या त्या बटणांच्या मोबाइलवर आलेले मेसेज तुम्ही उघडून पाहत नाही. म्हणून वहीचं पान फाडून लिहायला बसले आहे. शेजारचे धर्मेंद्रभाऊ राइस मिलचा ट्रक घेऊन लाखनीकडे येत-जात असतात. ते पत्र पोचवतील आणि तुमचं उत्तरही आणतील.

काका, मला एक राउटर निवडून द्या. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंत आणि घरी स्वतःच्या हातानं नेट बसवलंत, तेव्हा दुसऱ्या कोणाला विचारू?

माझं काम तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करायचे. मोना झाल्यावर मिळालेली आणि मग बिनपगारी वाढवलेली रजा डिसेंबरात संपते. नागपूरची कंपनी घरून काम करू द्यायला तयार आहे, पण आधी चाचणी घेणार. १२ डिसेंबरला सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत घरचं नेट एकदाही तुटता कामा नये. तुटलं तर जानेवारीपासून ऑफिसात हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. नागपूरला मोनाला सांभाळायला कोणी नाही. नीलेशची नोकरी तुमसरच्या मिलमध्ये, सासू-सासरे शेती सोडून कसे येतील? म्हणजे दूधपिती लेक इथं ठेवून जायचं किंवा नोकरी सोडायची.

गावात फायबरची वायर आली आहे. माणूस ओसरीच्या भिंतीवर एक डबा लावून गेला, पण त्याला वायफाय नाही. "राउटर तुमचा तुम्ही घ्या," म्हणाला. कोणता, ते सांगितलं नाही.

तुमची रक्षा

*

लाखनी, १४ ऑक्टोबर

चि. रक्षा,

तुझं पत्र धर्मेंद्रनं हायवेवर ट्रक उभा करून आणून दिलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या म्हणे. मला ऐकू आले नाहीत, तेव्हा बहिरेपणाचा हा एक फायदा लिहून ठेव.

मी लगेच दुकानात गेलो. दुकानदारानं पहिलाच प्रश्न केला, "गुरुजी, कम्प्युटर कोणतं आहे?" मी म्हटलं, "पुतणीचं आहे." तो हसला. मग त्यानं समजावलं ते असं. वायफायच्या लहरींचे दोन पट्टे असतात, अडीच गिगाहर्ट्झच्या आसपासचा जुना आणि पाचचा नवा. नवा वेगवान, पण जुन्या मशीनला तो दिसतच नाही. पासवर्डच्या सुरक्षेच्याही जुन्या-नव्या पद्धती आहेत. राउटर फक्त नवी पद्धत मानत असेल तर जुनं मशीन दारात उभं राहील आणि आत घेतलं जाणार नाही. म्हणून आधी तुझ्या मशीनमधलं वायफाय कार्ड काय काय जाणतं ते पाहा. सोबत कसं पाहायचं ते लिहिलं आहे.

आणखी तीन गोष्टी कळव. डबा आणि मशीन यांच्यात अंतर किती? मध्ये भिंती कशाच्या? आणि सरळ वायर का लावत नाहीस? वायरीसारखं भरवशाचं काही नाही.

घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण दुकानातून आल्यापासून मलाच घाबरल्यासारखं झालं आहे.

घनश्याम काका

*

बपेरा, १९ ऑक्टोबर

प्रिय काका,

मशीन ऑफिसनं दिलेलं जुनं आहे. तुम्ही सांगितलं तसं पाहिलं. कार्डाला फक्त जुना पट्टा कळतो आणि सुरक्षाही जुनीच. मशीनमधली वायर लावायची जागा मागच्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा जळाली. पेनड्राइव्हच्या जागी दुसरं काही लावावं तर ऑफिसनं ते कुलूपबंद केलं आहे, रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. नवं मशीन मागितलं तर साहेब म्हणाले, आधी चाचणी पास व्हा.

आता घर. पुढं ओसरी, मग मधली लांब खोली, आणि तिच्यामागं माझी कामाची खोली. ती मला आल्या दिवसापासून दिलेली आहे, रात्री आम्ही तिघंही तिथंच झोपतो. खाली नवा कोबा आहे, दार घट्ट लागतं. कंपनीला बंद दाराचीच खोली लागते. भिंती मातीच्या आणि जाड, पण तिन्ही दारं एका ओळीत आहेत. मधली खोली अगदी रिकामी. मोना तिथं रांगते आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचायला दमते. माझ्या खुर्चीवरून ओसरीवरचा डबा सरळ दिसतो.

सासरे, म्हणजे आमचे मामाजी वासुदेवराव, या साऱ्याबद्दल काही बोलत नाहीत. काल डब्याकडे बघत म्हणाले, "हे लाल बत्ती कायले लागून राहिली?" मी म्हटलं, नेट अजून सुरू नाही म्हणून. ते "बरं" म्हणून बैलांकडे गेले. त्यांना माझी नोकरी नको असावी असं मला उगाच वाटत राहतं. लग्नानंतर मी नागपूरलाच होते, मग बाळंतपणाला माहेरी. या घरात जुलैपासून आहे. अजून माणसं नीट कळलेली नाहीत.

दिवाळीचा फराळ धर्मेंद्रभाऊंसोबत पाठवला आहे. अनारसे सासूबाईंनी केले, माझे फसले.

रक्षा

*

लाखनी, २ नोव्हेंबर

चि. रक्षा,

पत्रासोबत राउटर आहे. पहिला घेतला होता तो परत केला. फार नवा, आणि त्यात जुनी सुरक्षा सुरू करायची सोयच नव्हती. दुकानदार वैतागला. "गुरुजी, तुम्ही राउटर घेऊन राहिले का सून पाहून राहिले?" म्हणाला. मी म्हटलं, पाहायला वेळ लागतोच.

हा दोन्ही पट्टे देतो. जुन्या पट्ट्याला वेगळं नाव दे आणि मशीन त्यालाच जोड, म्हणजे गोंधळ होणार नाही. सुरक्षा जुनी-नवी मिळून चालेल अशी ठेव. राउटर ओसरीवर उंच, दाराच्या रेषेत लाव. देवाच्या फोटोमागं लपवू नकोस. आमच्याकडे तुझ्या काकूनं तसं केलं होतं.

लागला की लगेच कळव. रोज सकाळी ट्रकच्या रस्त्याकडे बघत बसतो.

काका

*

बपेरा, ६ नोव्हेंबर

काका,

लागला. दिवसभर एकदाही तुटला नाही. सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात. सासूबाईंनी राउटरला हळदकुंकू लावलं, आणि मी अडवलं नाही. किती दिवसांनी नीट जेवले.

रक्षा

*

बपेरा, २४ नोव्हेंबर

प्रिय काका,

तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, पण आता राहवत नाही. राउटर बिघडला आहे, किंवा माझ्या मशीनशी त्याचं जमत नाही. गेल्या आठवड्यापासून रेघा कमी होत गेल्या. आता एक असते, कधी तीही नसते. पाच मिनिटं चालतं आणि तुटतं. बंद करून पुन्हा सुरू केला, नावं बदलली, पासवर्ड बदलला. काही फरक नाही. मोबाइल घेऊन ओसरीवर उभी राहिले की झकास चालतं. म्हणजे दोष माझ्या मशीनच्या कार्डाचाच ना? तुम्ही इतकं पाहून घेतलंत, तरी हे का व्हावं?

घरात कोणाला विचारायची सोय नाही. मळणी सुरू आहे. शेतात रचलेली धानाची पुंजणी मोडून ट्रॅक्टर येतो, धानाची पोती उतरतात, मधली खोली या कट्ट्यांनी भरत चालली आहे. आता आढ्यापर्यंत थप्प्या गेल्या आणि माझ्या खोलीत यायला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट उरली. अंगभर कोंडा, सगळे थकलेले. त्यात माझ्या नेटचं रडगाणं कोण ऐकणार? नीलेशला सांगितलं तर तो म्हणाला, "कंपनीवाल्याले फोन लाव." लावला. तो म्हणतो, लाइन ठीक आहे.

मोना आता माझ्याकडे बघून "आ" म्हणते. मी पडद्याकडे बघते आणि मला रडू येतं.

रक्षा

*

लाखनी, २७ नोव्हेंबर

चि. रक्षा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, मीच चुकीचा राउटर दिला. दुसऱ्यांदा वाचताना तू घाईत लिहून टाकलेलं वाक्य दिसलं.

अगं, ते धान. ओल वायफायच्या लहरी शोषून घेते. नव्या धानात ओल असतेच, आणि तू म्हणतेस थप्प्या आढ्याला टेकल्या. ओसरीतून निघालेलं सारं त्या कट्ट्यांत जिरतं आहे. तुझं कार्ड ठीक आहे आणि राउटरही ठीक आहे.

मी तुला भिंतींचं विचारलं, अंतराचं विचारलं, दारांचं विचारलं. मधली खोली ऑक्टोबरात रिकामी आहे म्हटल्यावर नोव्हेंबरात तिथं काय येईल, हे धानाच्या घरात जन्मलेल्या मला सुचलं नाही. डोक्यात शास्त्र भरलं की घरचं दिसत नाही, दुसरं काय.

उपाय आहे. सोबत लांब वायरीचं वेटोळं पाठवतो आहे. डब्यापासून वायर भिंतीच्या कडेनं तुझ्या खोलीपर्यंत ने आणि राउटर तिथं तुझ्याजवळ ठेव. झालं. आता झोप.

काका

*

बपेरा, ६ डिसेंबर

प्रिय काका,

वायर टाकली. राउटर माझ्या टेबलावर आला, सगळ्या रेघा भरल्या, मी हसले. तिसऱ्या दिवशी नेट गेलं. कट्ट्यांच्या मागं उंदरांनी वायर कुरतडली होती. नीलेशनं जोडली, आढ्याखालून ओढली. तिथंही कुरतडली. धान आहे तिथं उंदीर असणारच, असं सासूबाई म्हणाल्या, जणू पाहुण्यांबद्दल सांगत होत्या. बाहेरून वळसा घालून न्यावी तर वायर पुरत नाही.

मग काल धीर करून मामाजींना म्हटलं, मधल्या खोलीतले कट्टे चाचणीपुरते बाहेर काढता येतील का? ते एकदम म्हणाले, "धान बाहेर कोठी ठेवू? आभाळ पाहून राहिली ना? पाणी आला तर का खावू?" मी म्हटलं, मग थोडे दुसरीकडे. त्यावर ते माझ्या खोलीच्या दाराकडे बघत उभे राहिले. किती वेळ बघत होते. मग काही न बोलता निघून गेले. रात्री जेवताना माझ्याशी बोलले नाहीत.

काका, मनात आलं ते तुम्हालाच सांगते. इतकी मोठी जागा सोडून थप्प्या नेमक्या माझ्या दारासमोरच का लावल्या? सरकारी खरेदी केंद्रावर नंबर जानेवारीत लागणार, तोवर धान हलणार नाही. तोवर माझी चाचणी होऊन जाईल आणि नोकरीही. सुनेनं घरी बसावं हे तोंडानं म्हणायची गरजच उरत नाही. असा विचार करणं वाईट आहे हे कळतं, पण तो जात नाही.

शुक्रवारी चाचणी.

रक्षा

*

लाखनी, ८ डिसेंबर

चि. रक्षा,

मी आजवर तुझ्या सासरच्या गोष्टीत पडलो नाही. पण तुझं पत्र वाचून डोकं तापलं. पोरीला शिकवलं, नोकरीला लावलं, ते धानाच्या कट्ट्यांमागं कोंडायला नाही.

तू मोनाला घेऊन लाखनीला ये. ११ तारखेला धर्मेंद्रचा ट्रक रिकामा येतो, त्यात मशीन नीट गुंडाळून ठेवता येईल. पुढची खोली तुझी. कंपनीला आमच्या घराचा पत्ता दे. चाचणी इथून होईल आणि नोकरीही इथूनच करता येईल, हवे तितके दिवस. नीलेशला यावंसं वाटलं तर येईल. वासुदेवरावांना विचारत बसू नकोस. काही म्हणाले तर सांग, काकांनी बोलावलं.

काकू मोनासाठी पाळणा धुऊन वाळवते आहे.

काका

*

बपेरा, १० डिसेंबर

घनश्याम गुरुजी यांना वासुदेवरावाचा रामराम.

तुमचं पत्र काल धर्मेंद्रनं माझ्या हाती दिलं. सून मोनाला सुई द्यायला घेऊन गेली होती. पत्र मी उघडलं नाही, आली तशी तिच्या हाती ठेवलं. तिनं वाचलं आणि बॅग भरायला घेतली. मग मी तिच्या सासूला विचारायला सांगितलं, तेव्हा कळलं. म्हणून मी लिहितो. लिहायची सवय राहिली नाही, चूकभूल पोटात घाला.

ती जी मागची खोली आहे ती आमची धानाची खोली. माझ्या बापाच्या काळापासून धान तिथंच राहिलं. तिथं उंदीर शिरत नाही, ओल चढत नाही. सून घरून काम करणार, तिला दार लागणारी खोली लागते, असं नीलेश म्हणाला. आमच्या घरात घट्ट दार तेवढं एकच. उन्हाळ्यात मी ती रिकामी केली, कोबा घातला, चुना मारला. धान मधल्या खोलीत घेऊ असं ठरवलं. तिला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? धानानं मशीन अडते हे मले ठाऊक नव्हतं, आणि तुम्हालेही उशिराच कळलं म्हणते.

तिनं कट्टे हलवा म्हटलं तेव्हा मी तिच्या दाराकडे पाहत राहिलो. धान परत मागच्या खोलीत टाकावं तर तिनं बसावं कोठी, हेच डोक्यात चाललं होतं. उत्तर सापडलं नाही म्हणून बोललो नाही. तिला तो राग वाटला. मला बोलता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ती नवीन आहे.

आज सकाळी नीलेशनं रजा घेतली. ओसरीला लागून आमची दोघांची झोपायची खोली आहे. पलंग काढला, दाराला नवी कडी लावली, फटीत कापडं भरली. मशीन तिथं नेलं. राउटर पुन्हा ओसरीवर लावला, तो भिंतीपलीकडेच आहे. आता सगळ्या रेघा दिसतात असं नीलेश म्हणतो. पण त्या खोलीत लोखंडी कपाट आहे. ते राहू द्यावं का काढावं? पंखा चालू ठेवला तर चालेल का? उद्या धर्मेंद्र परत निघेल तेव्हा दोन ओळी लिहून द्या. सून विचारायला भिते आणि मला झोप नाही.

तिनं लाखनीला जाऊ नये असं मी म्हणणार नाही. तुमचं घर तिचंच आहे. पण मोना घरात नसली तर मला गमणार नाही, एवढं लिहितो.

वासुदेवराव

*

लाखनी, ११ डिसेंबर

वासुदेवराव, नमस्कार.

ट्रक उभा आहे म्हणून घाईत लिहितो. कपाट राउटर आणि मशीनच्या मध्ये येत नसेल तर राहू द्या, येत असेल तर सरकवा. पंखा खुशाल चालवा. चाचणी चालू असताना मिक्सर आणि मोटर लावू नका, वीज कमी-जास्त व्हायला नको.

आणि मी रक्षाला जे लिहिलं ते तुम्ही वाचलं नाही, हे माझं नशीब. मला माफ करा.

घनश्याम

*

बपेरा, १३ डिसेंबर

प्रिय काका,

मी लाखनीला आले नाही, हे कळलंच असेल. काकूंना सांगा, पाळणा राहू द्या, संक्रांतीला मोनाला घेऊन येते.

काल पहाटेपासून आभाळ भरून होतं. लाइट जाईल म्हणून जीव टांगणीला लागला होता. नीलेशनं मिलमधून बॅटरी आणून ठेवली होती. दहाला नागपूरहून फोन आला आणि चाचणी सुरू झाली. मी कानात यंत्र घालून टाइप करत होते, पण नजर सारखी त्या रेघांकडे. मामाजी ओसरीवर दाराला पाठ लावून बसले होते. कोणी आलं की बोट ओठांवर ठेवायचे. शेजारच्यांना मोटर लावू नका म्हणून सकाळीच सांगून आले होते. सासूबाई मोनाला घेऊन वाडीत फिरत राहिल्या, तिचं रडणं आत येऊ नये म्हणून. एकदा रेघा दोनवर आल्या, तेव्हा माझे हात थांबले. पुन्हा भरल्या.

दोन वाजता साहेब म्हणाले, एकदाही तुटलं नाही, जानेवारीपासून घरून काम सुरू करा. मी दार उघडलं तर मामाजी तिथंच बसलेले. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं वं," आणि उठायला लागले तर पाय आखडलेले. मी हात दिला.

तुम्हाला सहा तारखेला जे लिहिलं ते आठवून मला दिवसभर लाज वाटत होती. त्यांना ते सांगायची हिंमत झाली नाही. सांगणार आहे.

संध्याकाळी त्यांना जेवायला बोलवायला गेले. ती मागं लिहिलेली अरुंद वाट आहे ना, कट्ट्यांच्या दोन थप्प्यांमधली, तिथं दोघांनी गोधड्या टाकल्या होत्या. उशाशी पाण्याचा तांब्या. कूस बदलायलाही जागा नाही, वर सगळा कोंडा. मी म्हटलं, मामाजी, आता काहून इथं झोपता? परीक्षा झाली ना. तुमच्या खोलीत चला, मी मशीन बाजूला करते.

ते गोधडी झटकत होते. थांबले नाहीत. म्हणाले, "परीक्षा झाली बाई. नौकरी तं रोजची आहे ना?"

तुमची रक्षा